डायलिसिस रुग्णांतील आकस्मिक हृद्‌मृत्यू : जोखमीचा अंदाज

नियमित डायलिसिस (→ अपोहन) घेणाऱ्या रुग्णाचे हृदय अचानक बंद पडून मृत्यू होण्याची शक्यता आधीच ओळखण्याची पद्धती.

विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदर्लंड्समध्ये डायलिसिससाठी कृत्रिम मूत्रपिंड वापरले. १९६० मध्ये सिएटल येथील बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या नळीमुळे हा उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवता येऊ लागला. डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे चतुर्थांश मृत्यू आकस्मिक हृद्‌मृत्यू असतात.

जोखीम आठवडाभर सारखी नसते. सोमवार-बुधवार-शुक्रवार अशी पाळी असलेल्या रुग्णाच्या रक्तात शनिवार-रविवारच्या खंडात पोटॅशियम वाढते, अंगात पाणी साठते. सोमवारी यंत्रावर तेच पोटॅशियम काही तासांत झपाट्याने उतरते. या दोन्ही टोकांना हृदयाचा ताल बिघडू शकतो. डाव्या जवनिकेची जाडी, तिच्यातील तंतुमयता आणि रक्तवाहिन्यांत साठलेले कॅल्शियम यांची त्यात भर पडते.

अंदाजासाठी विद्युत् हृल्लेखातील (→ विद्युत् हृल्लेखन) क्यूटी कालावधी (जवनिकांची विद्युत् क्रिया सुरू होऊन पूर्ववत होईपर्यंतचा वेळ), हृदयाचा प्रतिध्वनी-आलेख, रक्तातील ट्रोपोनिन (हृद्‌स्नायूला इजा झाल्यास वाढणारे प्रथिन) यांचा आधार घेतात. एरवी हृद्‌रोगात वापरला जाणारा ‘उत्क्षेपण अंश (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ३५ टक्के किंवा कमी’ हा निकष येथे तोकडा पडतो, कारण दगावणाऱ्या अनेकांचा अंश चांगला असतो. त्वचेखाली बसवलेल्या नोंदयंत्रांनी तर कित्येकदा वेगवान नव्हे, मंदावत थांबणारी हृदयगती टिपली आहे.

नेदर्लंड्समधील आयसीडी-२ चाचणीत (२०१९) प्रतिबंधक म्हणून बसवलेल्या, विद्युत् झटक्याने हृदयाचा ताल सुधारणाऱ्या डिफिब्रिलेटरने (→ हृद्‌गतिकारक) असे मृत्यू घटले नाहीत. त्यामुळे डायलिसिसच्या द्रावातील पोटॅशियम फार कमी न ठेवणे, पाणी सावकाश काढणे आणि दीर्घ खंड टाळणे यांवर भर दिला जातो.