वळणाची वंशावळ

कार्तिक शुद्ध एकादशीस जळगावच्या जुन्या गावातून श्रीरामाचा रथ निघतो, आणि १८७२ पासून चालत आलेल्या या उत्सवात दर्शनास लोटलेल्या समुदायाची दृष्टी साहजिकच वरच्या मूर्तीकडे आणि फुलांच्या माळांकडे लागलेली असते. परंतु ज्यास यंत्रविद्येची थोडीबहुत गोडी आहे, त्याने ती खाली आणून चाकांपाशी वाकून चालणाऱ्या मोगरीवाल्यांकडे अवश्य पाहावे. रथाची चाके नाकासमोर धावणार; डावीउजवीकडे वळण्याची कोणतीही तजवीज त्यांच्या ठायी नाही. म्हणून नेमक्या क्षणी नेमक्या चाकाखाली लाकडी मोगरी सारायची, एका बाजूची गती रोखून दुसरी पुढे येऊ द्यायची, आणि सारा डोलारा इंचाइंचाने गल्लीच्या तोंडाकडे फिरवायचा, असे हे जिवावरचे कसब आहे. चार चाकांचे वाहन वळवावे कसे, या प्रश्नाचे मनुष्याने शोधलेले हे अत्यंत प्राचीन उत्तर होय, आणि बोदवडच्या काळ्या शिवारात कपाशीच्या ओळीअखेरीस वळणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगची कुळकथा सांगावयाची तर आरंभ येथूनच केला पाहिजे.

दोन चाकांच्या गाडीस ही विवंचना नसते. दमणी असो की मालाची बैलगाडी, डाव्या बैलाचा कासरा आखडला की तो थबकतो, उजवा लांब पावले टाकतो, आणि गाडी एका चाकाभोवती निमूटपणे फिरते. वळण्याची सारी बुद्धी बैलांच्या ठिकाणी असल्यामुळे सुताराने त्याची काळजी वाहण्याचे कारण नव्हते. चौचाकी गाडीत मात्र पुढचा आस मधोमध एका खिळीवर फिरता ठेवावा लागला. मुंबईच्या रस्त्यांवरून पुष्कळ वर्षे धावलेली व्हिक्टोरिया याच जातीची. या रचनेचे वैगुण्य असे की आस पुरता वळला म्हणजे गाडीचा चौकोनी आधार जवळजवळ त्रिकोणी होतो, ती कलंडण्याचा धोका वाढतो, आणि चाक गाडीच्या अंगाखाली शिरावे म्हणून पुढची चाके मुद्दाम लहान करावी लागतात. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅझ्मस डार्विन हे इंग्लंडातील लिचफील्डचे वैद्य. रोग्यांकडे जाण्यासाठी खराब रस्त्यांवरून अहोरात्र गाडी हाकणाऱ्या या गृहस्थास, आस जागीच ठेवून प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर फिरवावे, ही कल्पना १७५९ च्या सुमारास सुचली होती. गाड्यांविषयीचे त्यांचे कुतूहल मात्र त्यांना महागात पडले, कारण १७६८ त स्वतःच योजिलेल्या एका गाडीतून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि ते जन्माचे लंगडे झाले.

तीच कल्पना म्युनिचच्या गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर या गाडी-कारागिराने पुढे स्वतंत्रपणे सिद्धीस नेली, आणि इंग्लंडात तिचे पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने त्याच्या वतीने घेतले. हा आकरमान जन्माने जर्मन, लंडनच्या स्ट्रँड पेठेत चित्रांचे व पुस्तकांचे दुकान चालविणारा, आणि मूळचा गाड्यांचा आरेखक. इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन याच्या अंत्ययात्रेचा रथ याच्याच योजनेतून तयार झाला होता. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असा प्रकार दप्तरी जगात नवा नाही. तथापि आजही मोटारींच्या ग्रंथांत या रचनेस आकरमानचेच नाव लावतात आणि बिचारा लांकेन्स्पेर्गर तळटीपेत राहतो, हा अन्याय नोंदविल्यावाचून राहवत नाही. आकरमानने १८१९ मध्ये या रचनेचे समर्थन करणारे पुस्तकही छापले, परंतु लंडनच्या गाडीवाल्यांनी त्यास भीक घातली नाही.

या रचनेचे मर्म एका साध्या गणितात आहे. वळणारे वाहन कोणत्या तरी एका बिंदूभोवती वर्तुळात फिरते. आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर चालत असल्यामुळे दोन्ही चाके सारख्याच कोनात वळविली तर एक ना एक फरपटणारच. समजा, छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या व मागच्या चाकांत दीड मीटर अंतर आहे, पुढच्या दोन चाकांत एक मीटर आहे, आणि वळणाचा मध्यबिंदू मागच्या आसाच्या रेषेत, आतल्या बाजूस, आतल्या चाकापासून दोन मीटरवर आहे. तर आतले चाक सुमारे ३७ अंश आणि बाहेरचे सुमारे २७ अंश वळले पाहिजे. दहा अंशांचा हा फरक कोणी हाताने राखावयाचा नसतो. चाकांच्या खिळ्यांतून मागे निघालेल्या दोन भुजा किंचित आत कललेल्या ठेवून त्यांची टोके एका दांडीने जोडली, आणि त्या भुजांच्या रेषा लांबविल्या असता मागच्या आसाच्या मध्याशी भेटतील अशी योजना केली, म्हणजे तो फरक बहुतांशी आपोआप साधतो. ही दांडी म्हणजेच आपले मिस्त्री ज्यास टाय रॉड म्हणतात ती.

घोड्यांच्या युगाने धुडकावलेली ही युक्ती यंत्रांच्या युगाने उचलली. फ्रान्सातील ल मां गावच्या आमेदे बोले याने १८७३ च्या आपल्या वाफेच्या गाडीत पुढची चाके स्वतंत्र खिळ्यांवर वळविली. चालविणाऱ्याच्या हाती मात्र प्रारंभीच्या पुष्कळशा मोटारींत नावेच्या सुकाणूसारखा दांडाच असे. १८९४ च्या पॅरिस-रुआं शर्यतीत आल्फ्रेद वाशरों याने आपल्या पानार गाडीस चक्र बसविले, आणि पुढल्या थोड्याच वर्षांत दांडा मागे पडला. शेतातली अवजड वाफेची इंजिने निराळ्याच वाटेने गेली होती. त्यांचा पुढचा आस अखंडच फिरे आणि त्याच्या दोन टोकांना बांधलेल्या साखळ्या रुळावर गुंडाळून तो ओढला जाई. रस्त्याची खडी दाबणारे वाफेचे रोलर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या साखळ्या आणि ते चक्र गरगरा फिरविणारा, घामाघूम झालेला माणूस आठवेल.

ट्रॅक्टरने या वंशात स्वतःची भर घातली ती नांगरटीच्या गरजेपायी नव्हे, तर पिकाच्या ओळींत शिरण्याच्या हव्यासापायी. अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९२४ मध्ये बाजारात आणलेल्या फार्मॉल ट्रॅक्टरात स्टेअरिंग पुरते वळविले की आतल्या बाजूच्या मागच्या चाकाचा ब्रेक तारेने आपोआप ओढला जाई. वस्तुतः ती जळगावच्या रथाची मोगरीच होती. आजही ट्रॅक्टरला डाव्याउजव्या चाकाचे दोन ब्रेक असतात ते याचसाठी, आणि रस्त्यावर येताना ते खिटीने एकत्र जोडावे लागतात. ओळींतले अंतर बदलले की पुढच्या चाकांतले अंतरही कमीअधिक करावे लागते, आणि तसे करताना टाय रॉडची लांबी त्या प्रमाणात बदलली नाही तर चाके एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर पाहू लागतात, टायर एका कडेने खाल्ला जातो, आणि दोष निष्कारण टायरवाल्यास दिला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बंगल्याभोवतीच्या बागेपुरते छोटे ट्रॅक्टर निघाले. याच हार्वेस्टर कंपनीने १९४७ मध्ये फार्मॉल कब आणि १९६१ मध्ये त्याहून लहान कब कॅडेट आणला. पुढे १९६३ त जॉन डिअरचा ११० आला. तिकडे हे जुने ट्रॅक्टर उतारवयातील हौशी लोक जिवापाड दुरुस्त करतात. आपल्याकडे ट्रॅक्टर ही हौस कधीच नव्हती. फरीदाबादला १९५९ मध्ये आयशरचा पहिला देशी ट्रॅक्टर बाहेर पडला, १९६३ मध्ये महिंद्राने त्याच हार्वेस्टर कंपनीशी भागीदारी करून कांदिवलीत निर्मिती आरंभिली, १९७४ मध्ये स्वराज आला. आणि पंधरा ते वीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर पुढे कपाशी, मका आणि फळबागांत कोळपणी-वखरणीस रुळले. बोदवड हे भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. तापीकाठच्या रावेर-यावलची केळी येथे नाही, पावसाच्या भरवशाची काळी जमीन आहे. येथे ट्रॅक्टर जुना झाला म्हणून विकण्याची घाई कोणी करीत नाही. तो दुरुस्त होतो, आणि दुरुस्तीची पहिली पाळी बहुधा स्टेअरिंगवर येते.

स्टेअरिंगची पेटी उघडून पाहिल्याखेरीज ही झीज कशी होते ते ध्यानात यावयाचे नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतील लाफायेत गावी रॉस कंपनी स्थापन झाली, आणि तिची पेटी पुढे कब कॅडेटसारख्या छोट्या ट्रॅक्टरांत सर्रास बसली. तिच्यात चक्राच्या दांड्यास सर्पिल खाच कोरलेला लोखंडी रूळ असतो आणि त्या खाचेत एका भुजेची निमुळती खुंटी अडकलेली असते. रूळ फिरला की खुंटी खाचेतून सरकते आणि भुजा हलते. आता ट्रॅक्टरचे बहुतेक आयुष्य सरळ ओळीत जाते, म्हणून खाच मध्यभागी झिजते आणि दोन्ही टोकांस जवळजवळ कोरी राहते. स्टेअरिंगला प्ले आला म्हणून अननुभवी मिस्त्री वरचा स्क्रू आवळतो. मध्यभागीचा ढिलेपणा जातो खरा, परंतु पुरते वळण घेताना टोकाच्या न झिजलेल्या खाचेत खुंटी जाम होते. ज्यास हुन्नर आहे तो खुंटी लेथवर नवी करून घेतो, रूळ पाहतो, आणि मगच स्क्रूस हात लावतो. शिवाय पेटी हे एकच ठिकाण नव्हे. किंगपिन म्हणजे चाक जिच्यावर वळते ती खिळी, तिचे बुश, टाय रॉडची गोल टोके, चाकाच्या बेअरिंग, या प्रत्येकात केसभर ढिलाई असली तरी चक्रापर्यंत पोहोचता पोहोचता तिची बेरीज होते.

अलीकडे या सर्व व्याधींवर पॉवर स्टेअरिंग हा एकच रामबाण सांगितला जातो. फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ मध्ये पियर्स-ॲरो मोटारीवर तेलाच्या दाबाचे साहाय्य घेऊन दाखविले, १९५१ मध्ये क्रायस्लरने ते विक्रीच्या गाडीत आणले, आणि मिनेसोटातील लिन चार्लसन याच्या ऑर्बिट्रोल यंत्राने तर चक्र आणि चाक यांमधली लोखंडी सांगडच काढून टाकून तेथे तेलाच्या दोन नळ्या घातल्या. जुन्या ट्रॅक्टरवर हे बसविता येते: इंजिनावर पंप, चक्राखाली ऑर्बिट्रोल, आसावर सिलिंडर. पंप तोकडा असला तर चक्र झपाट्याने फिरविताना ते एकाएकी जड होते. सिलिंडरचा दांडा एकाच बाजूस असेल तर दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ असमान भरून डावीकडे व उजवीकडे चक्राचे फेरे कमीअधिक लागतात. आणि इंजिन बंद पडले तर वळविता येते, पण मनगटांची परीक्षा होते. हे दोष सोसण्याजोगे आहेत. सोसण्याजोगा नाही तो एकच: झिजलेली किंगपिन आणि सैल टाय रॉड तशीच ठेवून वर पॉवर चढविणे, कारण हातास जाणवणारा हादरा तेलात विरून जातो आणि सांधा निखळेपर्यंत चालविणाऱ्यास त्याची वार्ता लागत नाही. माझ्या मते अशी सुधारणा ही दुरुस्ती नव्हे, लपवाछपवी आहे.

तेव्हा ज्यांच्या गोठ्यामागे असा जुना छोटा ट्रॅक्टर उभा असेल, त्यांनी पॉवर स्टेअरिंगचा भाव विचारण्यापूर्वी मागची चाके दगडाने अडवून पुढचा आस जॅकवर घ्यावा. चाक वर आणि खाली धरून हलवावे; हलले तर दोष किंगपिनचा किंवा बेअरिंगचा. मग डावीकडे व उजवीकडे धरून हलवावे; दुसरे चाक न हलता हेच तेवढे हलले तर टाय रॉडची टोके गेली. दोन्हीकडे घट्ट असूनही चक्र सैल फिरत असेल, तरच पेटी उघडावी.