शीग

विज्ञानाच्या तासाला घनफळाचा धडा निघाला की मास्तर घरून एकेक वस्तू आणायला सांगत आणि वर्गाचा जुना बाजार होई. काड्यापेटी म्हणजे गरीब गाय. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार केला की मुकाट्याने उत्तर देई. बटाटा मात्र पाण्यात बुडवल्याशिवाय कबूल होत नसे. एकदा कुणीतरी धान्याचे मापटे आणले. ‘पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची!’ आम्ही कोरसमध्ये ओरडलो. मास्तर म्हणाले, ‘आणि शीग? ती घेणाऱ्याची की देणाऱ्याची?’

प्रश्न दिसतो तेवढा भाबडा नाही. समजा, १० सेंटिमीटर व्यासाचे आणि तेवढ्याच उंचीचे माप आहे. त्यात सुमारे ७८५ घनसेंटिमीटर धान्य मावते. वर ३ सेंटिमीटरची शीग चढली तर तो शंकू साधारण ७८ चा. म्हणजे दहावा हिस्सा वरकमाई! आता तेच माप पसरट करा. व्यास २०, उंची अडीच. पोटात धान्य तेवढेच, पण शीग चढेल ६ सेंटिमीटर आणि तिचे घनफळ होईल ६२८. कुणी म्हणू शकणार नाही की माप खोटे आहे. खोटे काहीच नाही. फक्त थोडे बसके आहे!

चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी आपल्याकडची दुपटीची चढण. पण शीग भरायची की हात फिरवून सपाट करायचे, हे ज्याच्या हातात माप तो ठरवणार. फ्रान्समध्येही हीच रड. १७८९ साली तिथल्या रयतेने राजाकडे गाऱ्हाण्यांच्या वह्या धाडल्या, त्यांत जमीनदारांच्या फुगत्या मापांविषयी तक्रारी होत्या. क्रांती झाली आणि १७९५ च्या कायद्याने लिटर जन्माला आला : १० सेंटिमीटर बाजूच्या घनाएवढा. लोकांना तो इतका आवडला की १८१२ मध्ये नेपोलियनला जुन्या मापांची नावे परत चालू द्यावी लागली! दशमान पद्धत सक्तीची झाली ती १८४० पासून.

बरे, शास्त्रज्ञ तरी सुटले का? १९०१ साली त्यांनी लिटर म्हणजे एक किलो पाण्याचे आकारमान असे ठरवले. ते मूळ घनापेक्षा २८ घनमिलिमीटरने जास्त भरले. जेमतेम अर्धा थेंब, पण शीग ती शीगच! १९६४ साली ती पुसून पुन्हा मूळ घनावर आले.

आपल्याकडे १९५६ मध्ये कायदा झाला, १९५८ पासून किलोग्रॅमची वजने आली आणि हळूहळू धान्य मापाऐवजी तराजूत पडू लागले. तराजूला शीग नसते. गरिबाच्या दाण्यांचे भले झाले, यात शंका नाही. आमच्या शेजारच्या काकूंना मात्र हा कायदा कधी लागू झाला नाही. वाटीभर साखर नेत त्या सपाट, आणि परत आणीत ती शिगेसकट. तीही पदराखाली झाकून, वाटेत सांडू नये म्हणून.