सुरात हरणे

मी उल्हासनगर कॅम्प पाचचा, असे सांगितले की समोरचा माणूस डोळे मिचकावतो आणि म्हणतो, ‘‘म्हणजे मेड इन यू.एस.ए.! उल्हासनगर सिंधी असोसिएशन!’’ हा विनोद जगात प्रथम आपल्यालाच सुचला अशा थाटात तो हसतो. मीही हसतो. एकाच विनोदाला जन्मभर हसण्याचा सराव कुणाला हवा असेल, तर त्याने आमच्या गावात येऊन बिऱ्हाड करावे.

तर अशा या नकलांच्या राजधानीत मला एकदा एक अस्सल नक्कल पाहायला मिळाली. तिची ही हकीकत.

आमचे घर म्हणजे बॅरेकीचा एक तुकडा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ लष्करासाठी छावणी बांधली. युद्ध संपले, सोल्जर गेले आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना त्या बॅरेकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे ‘उल्हासनगर’ झाले. घरदार गमावून आलेल्यांच्या गावाला ‘उल्हास’! पण यात थट्टा नाही, नाव नदीचे आहे.

भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे साईंकाका. भिंत कसली, पडदाच तो. आमचे अण्णा अंबरनाथला कारखान्यात नोकरीला, पण जीव सगळा शास्त्रोक्त गाण्यात. दर शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे. १९५२ पासूनची ही प्रथा, आणि आमच्या घरात तिला सोवळ्याचा दर्जा होता. त्या वेळी भांडे वाजले तर आईसुद्धा अपराध्यासारखी उभी राही. पलीकडे साईंकाकांचे दैवत रेडिओ सिलोन. बुधवारी त्यांची गीतमाला आणि शनिवारी आमचा ख्याल. मधल्या भिंतीला दोन्ही घराण्यांची तालीम मिळाली होती.

या दोन घराण्यांत खरा बेबनाव झाला तो १९६८ साली. कारण ‘पडोसन’.

अण्णांचे म्हणणे समजायचे तर त्याआधीचा ‘बसंत बहार’ आठवायला हवा. १९५६ सालचा, राजा नवाथ्यांचा. त्यात नायकाने दरबारी गवयाला गाण्यात हरवायचे होते. नायकाचा आवाज मन्ना डे यांचा, आणि हरणाऱ्याचा आवाज साक्षात भीमसेन जोशींचा! मुंबई सोडून पळून जावेसे वाटले, असे मन्नादांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. भीमसेनांना ‘हरवण्या’साठी त्यांनी जीव तोडून तयारी केली. अण्णांना हे सगळे मान्य होते. गाण्याच्या सिनेमाने असेच असावे, भारदस्त. आणि बारा वर्षांनी ‘पडोसन’मध्ये त्याच मन्ना डे यांना मेहमूदच्या शेंडीवाल्या मास्तरासाठी गायचे होते आणि किशोरकुमारपुढे हरायचे होते. सरगमीची टर, तानांची टर, सगळ्या मैफलीचीच टर.

‘‘संगीताची विटंबना आहे ही!’’ अण्णा गरजले. सिनेमा न बघताच.

‘‘साईं, देखो तो सही,’’ पलीकडून आवाज आला.

‘‘बघायची गरज नाही!’’

ही गरज पुढे पंधरा-सोळा वर्षे पडली नाही.

मग व्हीसीआरचे दिवस आले. साईंकाकांच्या नातवाच्या वाढदिवसाला भाड्याचा व्हीसीआर आणला गेला, आणि बाजारातून एक कॅसेट. वर बॉलपेनने नुसते ‘कार्टून’ असे लिहिलेले. अण्णा वडीलधारे, म्हणून त्यांना पहिल्या खुर्चीचा मान. शनिवार नव्हता, त्यामुळे ते आले.

पडद्यावर एक सभागृह आले. ‘कॉर्नीगी हॉल’. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध कार्नेगी हॉलच्या नावाची ती मोडतोड, आणि चित्राचे नाव ‘अ कॉर्नी कॉन्चेर्टो’, म्हणजे मराठीत ‘एक पाचकळ मैफल’. रंगमंचावर टकला एल्मर फड आला. दाढीचे खुंट वाढलेले, कोट अंगाला बेतलेला नाही, आणि चेहऱ्यावर मात्र आपण आता श्रोत्यांना उच्च अभिरुचीचे चार घोट पाजणार आहोत असा भाव. स्ट्राऊसच्या संगीताविषयी तो बोबड्या इंग्रजीत जड जड बोलू लागला आणि ऐन रंगात त्याच्या शर्टाचा कडक इस्त्रीचा खोटा पुढा सुटून गुंडाळल्यासारखा फाडकन तोंडावर आला.

अण्णा हसले. मी अण्णांना सुरांच्या बाबतीत हसताना कधी पाहिले नव्हते. ते खुर्चीत वाकून, डोळे पुसत, खोकला येईपर्यंत हसले. ‘‘अरे, हा मी! हा मीच रे!’’

आणि मग आम्हाला आठवले. एका गणेशोत्सवात बॅरेकीपुढच्या मांडवात गाणे होते आणि निवेदन अण्णांकडे होते. अंगात साईंकाकांकडून मागून आणलेला गळाबंद कोट. गायक अवघडून बसलेले, पोरे पेंगलेली, आणि अण्णांचे ‘ख्यालाचे स्वरूप’ अर्धा तास चाललेले. ‘गांभीर्य’ या शब्दावर त्यांनी छाती फुगवली आणि कोटाचे बटण तुटून थेट डग्ग्यावर आदळले. लोक म्हणाले, बरोबर समेवर. त्यानंतर अण्णांनी निवेदन केले नाही, आणि त्या विषयावर आमच्या घरात कुणी बोललेही नाही.

पुढे मी या कार्टूनचा माग काढला. १९४० च्या नोव्हेंबरात डिस्नेचा ‘फँटेशिया’ आला होता. दोन तासांचा, बाखपासून शूबर्टपर्यंत आठ प्रकरणांचा. वाद्यवृंद लिओपोल्ड स्टोकॉव्स्कींचा, आणि प्रत्येक प्रकरणाआधी डीम्स टेलर नावाचे संगीतसमीक्षक येऊन काय ऐकायचे ते समजावून सांगत. कार्टूनने सोवळे नेसले ते असे. सप्टेंबर १९४३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या बॉब क्लॅम्पेटने ते सोवळे फेडले, तेही आठएक मिनिटांत. एल्मर म्हणजे तेच टेलरसाहेब.

पण मला गंमत वाटली ती संगीत करणाऱ्याची. कार्ल स्टॉलिंग हा वॉर्नरचा संगीतकार मूळचा डिस्नेच्याच घरचा. आधी संगीत आणि मग त्याबरहुकूम चित्रे, ही १९२९ च्या ‘सिली सिम्फनी’ मालिकेची कल्पना त्यानेच डिस्नेला सुचवलेली. म्हणजे ज्याने पूजा मांडली होती, त्यानेच पुढे पूजेची नक्कल केली. नक्कल कशी, तर वाद्यवृंद पुरा, स्ट्राऊसचा वॉल्ट्झ खरा, आणि शिकारी पोर्की, त्याचा कुत्रा अन् बग्ज ससा यांची पावले मात्रेला मात्रा लावून पडणारी. पळापळ चाललेली, पण लयीबाहेर कुणी जात नाही. ज्याला यमनच येत नाही त्याने यमनाची टवाळी केली तर तो फक्त बेसूर होतो. टवाळी व्हायला आधी यमन यावा लागतो. आमच्या बाजारातल्या नकलेत आणि या नकलेत फरक हाच. एकीला मूळ माल वाटायचे असते. दुसरीला मूळ माल ठाऊक असतो.

चित्राचा दुसरा भाग ‘ब्लू डॅन्यूब’चा. एक हंसीण आपल्या पिल्लांना घेऊन डौलात पोहते आहे आणि पिल्ले तालावर क्वॅक क्वॅक करताहेत. मागून एक काळे बदकाचे पिल्लू येऊन ओळीत मिसळायला बघते. हंसीण त्याला हाकलते. ते पुन्हा येते, ती पुन्हा हाकलते. इतक्यात गिधाड येऊन सगळी पिल्ले पळवते आणि या काळ्या पिल्लाला मात्र ‘४-एफ’चा शिक्का मारून परत टाकते. ‘४-एफ’ म्हणजे अमेरिकन लष्कराच्या भरतीत नापास. त्याला गिधाडसुद्धा घेईना! मग तेच पिल्लू लढाऊ विमानासारखे झेपावते, गिधाडाच्या हाती दारूगोळा देते आणि सगळ्यांना सोडवून आणते. शेवटी ते ओळीत पोहताना दिसते.

पोरे टाळ्या पिटत होती. साईंकाका हसले नाहीत.

‘‘पहले भगाया,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘काम आया, तब लाइन में लिया.’’

खोलीत कुणी काही बोलले नाही. साईंकाका विशीत कराचीहून बोटीने आले होते. मुंबईच्या बंदरावरून या छावणीपर्यंत त्यांना किती जणांनी ओळीतून बाहेर काढले, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते. त्यांच्या मालावरचे विनोद मात्र आम्ही सगळ्यांनी सांगितले होते. माझ्या मनात आले, ते कार्टून आणि आमची बॅरेक, दोन्ही एकाच युद्धातली.

अण्णांनी खुर्ची त्यांच्या बाजूला सरकवली. इतकेच केले. पण इतकी वर्षे शेजारी राहून भिंतीच्या त्या बाजूला त्यांची खुर्ची प्रथमच सरकली होती.

जाता जाता त्या कॅसेटविषयी. ती चोरीचीच असणार असे आम्ही धरून चाललो होतो. पुढे कळले, अमेरिकेत तेव्हा कोणत्याही कृतीचा हक्क अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा नोंदवावा लागे, आणि या चित्राचा १९७१ साली नोंदवायचा राहून गेला. म्हणजे निदान तिकडच्या कायद्यापुरता तरी तो माल सर्वांना मोकळा होता. उभ्या बाजारात बहुधा तेवढीच एक सरळ वस्तू, आणि तीही नक्कल!

पुढच्या रविवारी व्हीसीआर पुन्हा आला. अण्णांनी स्वतः अर्धे भाडे दिले. ‘पडोसन’. खिडकीतली जुगलबंदी संपली तेव्हा आम्ही श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होतो.

‘‘हा हरलेला नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘ऐकलंत? हरणंसुद्धा सुरात ठेवलंय त्यानं. ऐरागैरा असता तर बेसूर हरला असता.’’

‘‘तो फिर जीता कौन, साईं?’’

‘‘ते नंतर ठरवू. आधी पुन्हा लावा.’’