घरचा अग्नी आणि गावचा धूर



वैशाखाच्या उकाड्यात पंख्याखाली बसलेल्या श्रोत्यांपुढे घर ऊबदार ठेवण्याविषयी बोलावयाचे, हे थोडे विपरीत आहे खरे. परंतु घरात ऊब आणणे काय किंवा गारवा आणणे काय, दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच असतो. ते साधन नीट कोणी राखावयाचे, ते बिघडले म्हणजे दुरुस्त कोणी करावयाचे, आणि ते कालबाह्य झाले म्हणजे बदलण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? ह्या प्रश्नाचा इतिहास इंग्लंडात जितका विस्ताराने पाहावयास मिळतो, तितका तो क्वचितच दुसरीकडे मिळेल; म्हणून आज आपण इंग्रजांच्या घरातील शेगडीची आणि तिच्या धुराड्याची कथा पाहू.

आपल्याकडे चूल स्वयंपाकघरात असते आणि बंब न्हाणीघराजवळ. इंग्रजांच्या घरात मात्र प्रत्येक मुख्य खोलीच्या भिंतीत एक उघडी शेगडी बसविलेली असे, व तिचा धूर भिंतीच्या पोटातून धुराड्याने छपरावर जाई. सोळाव्या शतकात सरपण महाग होत गेले आणि न्यूकॅसलकडून गलबतांनी येणारा दगडी कोळसा लंडनच्या घरोघर पोहोचला. ह्या कोळशाबद्दलची तक्रार त्याहूनही जुनी आहे. पहिल्या एडवर्ड राजाने चौदाव्या शतकाच्या आरंभीच लंडनमध्ये तो जाळण्यास मनाई केली होती. १६६१ साली जॉन ईव्हलिन ह्या विद्वान गृहस्थाने लंडनच्या धुरावर एक पुस्तिका लिहून ती दुसऱ्या चार्ल्स राजास सादर केली. राजाने तिचे कौतुक केले, पण धूर होता तसाच राहिला.

राजदरबाराने शेगडीकडे लक्ष दिले, ते निराळ्या हेतूने. १६६२ साली दर शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंग असा कर बसला. शेगड्या मोजण्यासाठी सरकारी माणूस घरात शिरू लागला, आणि त्याचा लोकांना इतका संताप आला की १६८९ साली तो कर रद्द करावा लागला. इंग्रज माणसाच्या घरात सरकारने पाऊल टाकू नये ही भावना तेव्हापासून किती खोल रुजलेली होती, हे ध्यानात ठेवावयास हवे. कारण पुढील सर्व कथेत ती पुनःपुन्हा आडवी येते.

१६६६ च्या आगीनंतर लंडन विटांनी पुन्हा बांधले गेले. कोळशाला ओढ चांगली लागावी म्हणून धुराडी अरुंद झाली. कित्येकांची नळी जेमतेम नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब असे, काहींची त्याहूनही लहान. आणि अनेक शेगड्यांची धुराडी एकत्र आणण्यासाठी तिला वाकडीतिकडी वळणे दिलेली असत. कोळशाची काजळी आत साचली की धूर खोलीत उलटे, आणि काजळीने पेट घेतला तर घरालाच आग लागे. म्हणजे धुराडे वारंवार साफ करणे भागच होते. नऊ इंचांच्या नळीत शिरणार कोण? लहान मूल!

गरिबांची व अनाथालयांतील मुले धुराडे साफ करणाऱ्या उस्तादाकडे उमेदवार म्हणून दिली जात. गुडघे व कोपरे भिंतीला रेटीत ती अंधारात वर चढत आणि काजळी खरवडून खाली पाडीत. कातडी घट्ट व्हावी म्हणून त्यांच्या गुडघ्याकोपरांवर मिठाचे पाणी चोळले जाई. कित्येक मुले वळणात अडकून गुदमरली. १७७५ साली पर्सिव्हल पॉट ह्या शस्त्रवैद्याने असे दाखवून दिले की ह्या मुलांना पुढे वयात आल्यावर काजळीमुळे कर्करोग होतो. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो हे वैद्यकाच्या इतिहासात प्रथम नोंदले गेले, ते ह्या धुराडे साफ करणाऱ्यांच्या बाबतीत.

ह्यावर उपाय नव्हता काय? होता, आणि तो फार लवकर सापडला होता. १८०३ साली जॉर्ज स्मार्ट ह्याने एकात एक जोडावयाच्या पोकळ काठ्यांच्या टोकाला ब्रश लावून खालूनच धुराडे साफ करण्याचे साधन तयार केले. १८२८ च्या सुमारास जोसेफ ग्लास ह्याने ते सुधारले. धुराडे साफ करणारा आजही जे साधन वापरतो, ते त्याच जातीचे आहे. मग मुले का चढत राहिली? कारण ब्रश काटकोनातील वळणांतून नीट फिरत नसे. तेथे धुराड्याला लहानसे दार पाडावे लागे, किंवा वळणच बदलावे लागे. हा खर्च घरमालकाचा. मूल चढविले तर तो खर्च वाचे, आणि गालिच्यावर काजळीही कमी सांडे. १८१९ साली बंदीचे विधेयक खालच्या सभागृहात संमत होऊन उमरावांच्या सभागृहात फेटाळले गेले. फेटाळणाऱ्यांच्याच वाड्यांत सर्वांत जास्त वळणांची धुराडी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या गोष्टीचे आश्चर्य वाटत नाही.

कायदे तरीही झाले. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुले घेऊ नयेत असे ठरले. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढविण्यास बंदी झाली. १८६४ साली लॉर्ड शाफ्ट्सबरी ह्यांनी शिक्षा वाढविली. परंतु हे कायदे पाळले जातात की नाही हे पाहणारा कोणीच नव्हता, आणि ज्या प्रतिष्ठितांसमोर खटले चालावयाचे, त्यांच्याच घरी मुले चढत होती. अखेर १८७५ साली केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर नावाचा सुमारे अकरा वर्षांचा मुलगा एका इस्पितळाच्या धुराड्यात अडकून मेला. त्याच्या उस्तादाला सक्तमजुरी झाली, आणि शाफ्ट्सबरींनी त्याच वर्षी नवा कायदा करून घेतला. ह्या कायद्यात नवे असे एकच होते: धुराडे साफ करणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी पोलिसांकडून परवाना घ्यावयाचा. जबाबदारी कोणाची हे ठरले, आणि मुलांचे चढणे थांबले. इकडे पुण्यात न्यायमूर्ती रानडे ह्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेही ह्याच १८७५ साली. ब्रश सापडल्यापासून तोवर बहात्तर वर्षे उलटली होती!

ह्याच काळातील दुसरा उपाय पाहा. काउंट रम्फर्ड हा मूळचा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा शास्त्रज्ञ. १७९६ साली त्याने शेगड्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे, की शेगडीचा गळा अकारण रुंद ठेवल्याने खोलीतील गरम हवा धुराबरोबर वर निघून जाते. गळा सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद करावा, मागची भिंत पुढे आणावी, बाजूच्या भिंती तिरक्या कराव्यात, म्हणजे धूर खोलीत येत नाही आणि उष्णता खोलीत फेकली जाते. थोड्या विटा, थोडा चुना आणि एक समजूतदार गवंडी, एवढ्यावर जुनी शेगडी सुधारत असे. आपल्यासारख्या व्याख्यानप्रेमी मंडळींना सांगावयास हवे, की लोकांपुढील शास्त्रीय व्याख्यानांसाठी आजही प्रसिद्ध असलेली लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन १७९९ साली स्थापन झाली, तीत ह्या रम्फर्डचाच पुढाकार होता.

रम्फर्डने सरपण वाचविले, पण शेगडी उघडीच राहिली. जर्मनीत व रशियात बंद भट्ट्यांनी घरे उबवीत. इंग्रजाला ज्वाळा डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ऊब वाटत नसे. जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्यासारख्या लेखकाने १९४५ साली वृत्तपत्रात उघड्या शेगडीची बाजू मांडली. तिच्याभोवती कुटुंब एकत्र येते, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. प्रश्न एवढाच होता, की हे सुख भोगणारे घर आणि त्याचा धूर गिळणारे गाव ह्यांचा हिशेब कोणी मांडलेला नव्हता.

तो हिशेब १९५२ च्या डिसेंबरात मांडला गेला. ५ तारखेला, शुक्रवारी, लंडनवर हवा निश्चल झाली. वर उबदार हवेचे झाकण बसले आणि खाली थंड हवा कोंडली गेली. थंडी कडक, म्हणून प्रत्येक घरात शेगडी जास्त पेटली. चांगला कोळसा परदेशी विकला जात होता. युद्ध संपून सात वर्षे झाली तरी कोळशावर रेशनिंग होते, आणि गरिबांच्या वाट्याला भुकटीसारखा हलका कोळसा येत होता. धूर व धुके मिळून जे धुरके झाले, ते मंगळवार ९ तारखेपर्यंत हलले नाही. बसगाड्या थांबल्या. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुरके आत शिरले व प्रयोग अर्ध्यावर बंद करावा लागला. प्रदर्शनासाठी आणलेली जनावरे गुदमरून मेली. वर्तमानपत्रांना आधी त्या जनावरांचीच बातमी मिळाली. माणसे घरोघरी आणि इस्पितळांत मरत होती, ती मोजावयास वेळ लागला. सुमारे चार हजार मृत्यू नेहमीपेक्षा अधिक झाले असे तेव्हा ठरले. सरकारने पुढील महिन्यांतील मृत्यू इन्फ्लुएन्झाच्या माथी मारले. नंतरच्या संशोधकांनी तेही जमेस धरून आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. मेलेल्यांत वृद्ध, तान्ही मुले आणि छातीच्या विकाराचे रोगी अधिक होते.

१९५३ साली सर ह्यू बीव्हर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वांची बोटे कारखान्यांकडे होती. समितीने १९५४ साली दाखविले, की देशातील जवळजवळ निम्मा धूर घरगुती शेगड्यांतून येतो, जरी त्या कोळशाचा थोडाच भाग जाळतात. कारण कारखान्याच्या भट्टीवर लक्ष ठेवणारा माणूस पगारी असतो. घरातली शेगडी मंद आचेवर, अर्धवट जळत राहते. अपराधी कोणी परका नव्हता. प्रत्येकाच्याच बैठकीच्या खोलीत तो होता.

१९५६ चा शुद्ध हवेचा कायदा ह्या निदानावर उभा राहिला. नगरपालिकेने एखादा भाग धूरबंदीचा म्हणून जाहीर करावयाचा, त्या भागातील घरांची पाहणी करावयाची, आणि शेगडी काढून तेथे कोक, गॅस किंवा विजेचे साधन बसविण्याच्या मान्य खर्चापैकी घरमालकाने तीन दशांश द्यावयाचे, तीन दशांश नगरपालिकेने व चार दशांश राष्ट्रीय तिजोरीने. १६६२ साली सरकारी माणूस शेगड्या मोजून पैसे न्यावयास घरात आला होता. ह्या वेळी तो शेगड्या मोजून पैसे द्यावयास आला. दार उघडले गेले, ह्याचे मोठे कारण हेच होय. तरी सर्व काही एका दिवसात झाले नाही. खाणकामगारांना वेतनाचा भाग म्हणून कोळसा मिळत असे, म्हणून खाणींच्या गावी हे काम रेंगाळले. १९६२ च्या डिसेंबरात लंडनवर पुन्हा धुरके आले व पुन्हा शेकडो माणसे दगावली. पण त्यानंतर तसे धुरके लंडनने पाहिले नाही.

पुढे १९६५ साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. कोळशापासून केलेल्या जुन्या गॅसपेक्षा त्याची उष्णता दुप्पट, म्हणून जुने बर्नर त्यावर चालेनात. १९६७ ते १९७७ ह्या दहा वर्षांत फिटर सुमारे एक कोटी तीस लक्ष घरी गेले आणि सुमारे चार कोटी उपकरणांचे बर्नर त्यांनी बदलले. ह्या प्रचंड कामाची इतिहासग्रंथांत फारशी दखल नाही. पण त्या काळातील एका युद्धाइतके नियोजन त्यास लागले असेल.

साधन बदलले म्हणजे काळजी संपली, असेही नाही. १९६८ च्या मे महिन्यात लंडनच्या रोनन पॉइंट ह्या बावीस मजली इमारतीत गॅसचा स्फोट होऊन इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला व चार माणसे मेली. चौकशीत निघाले काय? शेगडीच्या नळीला जोडणारा एक पितळी नट सदोष होता, आणि इमारतीची जोडणी एवढा धक्का सोसण्याजोगी नव्हती. ह्यानंतर १९७० साली गॅस-फिटरांची नोंदणी सुरू झाली, ती १९९१ साली सक्तीची झाली. आणि भाड्याच्या घरातील गॅसची साधने दरवर्षी नोंदणीकृत फिटरकडून तपासून घेण्याचे बंधन आज तेथील घरमालकावर आहे. १८७५ चा परवाना आणि ही नोंदणी ह्यांत तत्त्वाचा फरक नाही.

आता तेथे गॅसचे बॉयलरही जावयास हवे असे म्हणतात, कारण त्यांचा वायू पृथ्वीचे तापमान वाढवितो. इंग्लंडात घरगुती दगडी कोळशाची विक्री १९२३ मध्ये नव्हे, तर थेट २०२३ मध्ये, म्हणजे ईव्हलिनच्या पुस्तिकेनंतर तीनशे बासष्ट वर्षांनी पूर्ण थांबली. बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून घेणाऱ्या पंपांसाठी २०२२ पासून अनुदान मिळते. पुन्हा तोच वाद चालू आहे: खर्च कोणाचा, आणि बसवून देणारा कुशल हात कोठे आहे?

आपल्यालाही हा वाद परका नाही. २०१६ साली उज्ज्वला योजनेने गरिबांच्या घरी गॅसची जोडणी दिली, हे मोठेच काम झाले. पण दुसरे सिलिंडर परवडले नाही तर चूल पुन्हा पेटते. शहरात वातानुकूलन यंत्र घरात गारवा करते आणि गल्लीत गरम हवा सोडते. दुरुस्तीच्या वेळी त्यातील वायू हवेत सोडून दिला, तर त्याचा ताप बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट असतो. त्या दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला शिक्षण व नीट साधने देणे, हे केवळ त्याच्या पोटापाण्याचे काम नाही. ते आपल्या सर्वांच्या हवेचे काम आहे.

इंग्लंडच्या धुराड्याने शिकविलेली गोष्ट साधी आहे. उपाय बहुधा आधीच सापडलेला असतो. तो घरोघर जावयाचा तर कायदा, पैसा आणि तपासणारा माणूस ही तिन्ही एकाच वेळी लागतात. त्यांतले एक जरी कमी पडले, तरी त्याची किंमत सर्वांत दुबळा मनुष्य देतो. ब्रश सापडल्यानंतरच्या त्या बहात्तर वर्षांत ती लहान मुलांनी दिली. आपल्या बाबतीत ती कोणी देऊ नये, एवढी दक्षता आपण घेऊ शकतो.