पनवेल तालुक्याची जनगणना व भूस्थानिक माहिती

पनवेल तालुक्याची जनगणना व भूस्थानिक माहिती म्हणजे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याविषयी भूगोलाच्या अभ्यासासाठी उपलब्ध असलेली लोकसंख्येची शासकीय आकडेवारी, तसेच नकाशे, सीमारेषा व उपग्रह प्रतिमा होत. तालुक्यातील पळस्पे हे गाव या माहितीच्या वापराचे बोलके उदाहरण आहे. जुन्या मुंबई–पुणे महामार्गापासून मुंबई–गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा १७) पळस्पे फाट्यावर वेगळा होतो. अशा झपाट्याने बदलणाऱ्या परिसरात आकडा व नकाशा एकाच काळातील आणि एकाच सीमेतील आहेत की नाहीत, यावर निष्कर्षाची विश्वासार्हता अवलंबून असते.

जनगणनेची माहिती

भारतात पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली. संपूर्ण देशात एकाच वेळी घेतलेली पहिली गणना १८८१ ची होय. तेव्हापासून २०११ पर्यंत ती दर दहा वर्षांनी झाली. २०२१ ची नियोजित गणना पुढे ढकलली गेली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ हा आहे. त्यामुळे गावपातळीवरील तपशिलासाठी २०११ चे आकडेच आधारभूत मानावे लागतात.

गावपातळीवरील मुख्य साधन म्हणजे जिल्हा जनगणना पुस्तिका. तिच्या 'अ' भागात गाव व नगर निर्देशिका असून शाळा, आरोग्य केंद्र, पाणीपुरवठा, रस्ते व जमिनीचा वापर यांची नोंद असते. 'ब' भागातील प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यात कुटुंबसंख्या, स्त्री-पुरुष संख्या, ० ते ६ वयोगटातील बालके, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामगार यांचे आकडे मिळतात. साक्षरतेचा दर ७ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकसंख्येवर काढला जातो. स्थलांतरासारख्या काही विषयांचे तक्ते मात्र गावनिहाय प्रसिद्ध होत नाहीत. जनगणना अधिनियम, १९४८ नुसार व्यक्तिगत नोंदी गोपनीय असतात.

गावाचा शोध घेताना ते ग्रामीण यादीत आहे की नगरांच्या यादीत, हे प्रथम पाहावे लागते. ग्रामपंचायत असलेले गावही 'जनगणना नगर' ठरू शकते. त्यासाठी २०११ मध्ये किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असणे आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता, असे तीन निकष होते.

नावे व संकेतांक

जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत जिल्ह्याचे नाव 'रायगढ' असे येते आणि छत्तीसगडमध्येही त्याच नावाचा जिल्हा आहे. पळस्पे या नावाचेही रोमन लिपीतील लेखन एकसारखे आढळत नाही. म्हणून नावाऐवजी संकेतांकावर विसंबणे सुरक्षित ठरते. २०११ मध्ये महाराष्ट्राचा संकेतांक २७ व रायगड जिल्ह्याचा ५२० होता, तर प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला होता.

सीमाबदल

पनवेलची जुनी माहिती ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये सापडते, कारण तेव्हा हा भाग त्या जिल्ह्यात होता. नंतर तो कुलाबा जिल्ह्यात गेला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नामांतर रायगड असे झाले. २०११ च्या जनगणनेतील पनवेल शहराची १,८०,०२० ही लोकसंख्या तत्कालीन नगरपालिका हद्दीपुरती आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत नगरपालिकेखेरीज सिडकोच्या वसाहती व आसपासची गावे समाविष्ट झाली. त्यामुळे हा आकडा महानगरपालिकेच्या आजच्या क्षेत्रफळाने भागल्यास घनता चुकीची व वास्तवापेक्षा बरीच कमी येते. नवी मुंबई विमानतळासाठी काही गावांचे पुनर्वसन झाल्याने २०११ च्या यादीतील सर्व वस्त्या आज मूळ जागी नाहीत. दोन गणनांची तुलना करताना बदललेल्या घटकांचे एकत्रीकरण करून दोन्ही वर्षांसाठी समान क्षेत्र निश्चित करावे लागते.

भूस्थानिक माहिती

१७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या मालिकेत पळस्पे ४७ एफ/१ या स्थलदर्शक नकाशात येते. ही मालिका एव्हरेस्ट लंबगोलावर, तर नवी खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भप्रणालीवर आधारलेली आहे. संदर्भप्रणालीचे रूपांतर न करता दोन्ही एकमेकींवर ठेवल्यास स्थाने सरकलेली दिसतात. अंतर व क्षेत्रफळ मोजण्यासाठी या परिसराला यूटीएम विभाग ४३ उत्तर हे प्रक्षेपण लागू पडते.

गावांच्या सीमा व गट क्रमांक राज्य शासनाच्या भू-नकाशा संकेतस्थळावर पाहता येतात. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्यासाठी विषयवार नकाशे तयार करते. इस्रोचे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. लँडसॅट मालिकेच्या १९७२ पासूनच्या आणि सेंटिनेल-२ च्या २०१५ पासूनच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. सेंटिनेल-२ च्या काही पट्ट्यांचे विभेदन १० मीटर आहे.

माहितीची जोडणी

क्यूजीआयएससारख्या मुक्त संगणकप्रणालीत गावसीमांचा स्तर व जनगणनेचा तक्ता संकेतांकाच्या आधारे जोडले जातात. संकेतांकाचा स्तंभ मजकूर स्वरूपात ठेवला नाही, तर आरंभीची शून्ये गळतात आणि जोडणी फसते. जोडणीनंतर न जुळलेल्या गावांची यादी तपासणे आवश्यक असते. नकाशावर रिकामे दिसणारे गाव निर्जन असतेच असे नाही. ते जनगणना नगर म्हणून दुसऱ्या तक्त्यात गेलेले असू शकते.

उपग्रह प्रतिमेवरून पळस्पे परिसरात २०११ नंतर वाढलेले बांधकाम मोजता येते. तेथे राहणाऱ्यांची संख्या मात्र प्रतिमेवरून थेट कळत नाही. म्हणून नव्या गणनेचे गावनिहाय आकडे प्रसिद्ध होईपर्यंत अशी संख्या 'अंदाज' म्हणूनच नोंदवणे आणि प्रत्येक नकाशावर आकड्यांचे व सीमांचे वर्ष स्वतंत्रपणे लिहिणे योग्य ठरते.