सनदेपूर्वीची उमेदवारी

कायद्याची पदवी घेतलेला तरुण कायदा जाणतो. परंतु खटला चालविणें ही निराळी विद्या आहे. ती त्यानें कोठें शिकावी, आणि शिकतांना होणाऱ्या चुकांची किंमत कोणीं मोजावी, हा प्रश्न फार जुना आहे.

लंडनच्या इनर टेंपल या संस्थेनें १८९१ सालीं मोहनदास गांधींस बॅरिस्टर केलें. त्याकरितां परीक्षा द्यावी लागे आणि ठराविक सत्रांतून संस्थेच्या भोजनांस हजर राहावें लागे. एके काळीं त्या पंक्तींत नवशिक्यांस जाणत्यांचा सहवास घडे. गांधींच्या वेळीं केवळ रूढी उरली होती. परिणाम मुंबईच्या लघुवाद न्यायालयांत दिसला. ३० रुपयांवर पत्करलेल्या पहिल्याच दाव्यांत ते उलटतपासणीस उभे राहिले. पण प्रश्न सुचेना, आणि काम दुसऱ्या वकिलाकडे सोपवावें लागलें. १८९३ मध्यें दक्षिण आफ्रिकेस गेल्यावर, प्रिटोरिया येथें एका दाव्याचे हिशेब व कागदपत्र तपासतां तपासतां, त्यांस वकिली उमगली.

स्वतंत्र भारतांत १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानें सनदेपूर्वीं प्रशिक्षण व परीक्षा यांची अट घातली. १९७३ च्या दुरुस्तीनें ती काढून टाकली. १९९५ मध्यें बार कौन्सिल ऑफ इंडियानें वर्षभराची उमेदवारी नियमानें आवश्यक केली. १९९९ मध्यें सुधीर खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो नियम रद्द केला. संसदेनें काढलेली अट कौन्सिलला परत आणतां येत नाहीं, हें त्याचें कारण. उमेदवारी निरुपयोगी आहे, असें न्यायालयानें म्हटलें नव्हतें. पुढें २०१० मध्यें कौन्सिलनें अखिल भारतीय परीक्षा ठरविली. २०२३ मध्यें ५ न्यायमूर्तींच्या पीठानें ती ग्राह्य धरली आणि १९९९ चा निर्णय बरोबर नव्हता, असें सांगितलें.

परीक्षेनें कायद्याचें ज्ञान कळतें. अशिलाची हकीकत ऐकून तींतील कामाची गोष्ट निवडणें, कैफियत लिहिणें, साक्षीदारापुढें उभें राहणें, हें मात्र परीक्षेच्या दालनांत येत नाहीं. उलटपक्षीं, बिनपगारी उमेदवारी गरीब घरच्या पदवीधरास परवडत नाहीं. उमेदवारी टाळली तर भुर्दंड अशिलास, सक्तीची केली तर निर्धन तरुणास. म्हणून उमेदवाराच्या निर्वाहाची तजवीज केल्यावांचून उमेदवारीचा कोणताही नियम न्याय्य ठरणार नाहीं.