पदकविजेते बियाणे निवडताना

बियाण्याच्या पाकिटावर पुरस्काराचे चिन्ह दिसले की हौशी बागकाम करणाऱ्याचा हात तिकडेच वळतो. अमेरिकेत असे चिन्ह बहुधा 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स' या संस्थेचे असते. रे हेस्टिंग्ज यांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये ती स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पहिले विजेते वाण जाहीर झाले.

तिची पद्धत विश्वासार्ह आहे. बाजारात न आलेले नवे वाण केवळ क्रमांकाने परीक्षकांकडे जाते. पैदासकार कोण, हे त्यांना ठाऊक नसते. उत्तर अमेरिकेतील चाचणी-क्षेत्रांत ते प्रचलित उत्तम वाणांशेजारी लावून शून्य ते पाच गुण दिले जातात. परीक्षक मानधन घेत नाहीत. काही विजेते देशव्यापी, तर काही ठरावीक प्रदेशापुरते असतात. पाकिटावरचा हा भेद ग्राहकाने अवश्य वाचावा.

१९३९ मधील विजेती 'क्लेमसन स्पाइनलेस' भेंडी आजही विकली जाते. साउथ कॅरोलिनातील या वाणाच्या शेंगांवर बोचरी लव जवळजवळ नसते, त्यामुळे तोडणी सुसह्य होते. वाण सरळ असल्याने घरचे बी पुढील हंगामासाठी ठेवता येते. १९७९ चा 'शुगर स्नॅप' मटारही सरळ वाणाचाच. तो सालीसकट खाल्ला जातो. मात्र वेल पाच-सहा फूट चढतो, आधार हवाच. याउलट १९८४ चा 'सेलिब्रिटी' टोमॅटो संकरित. त्यात अनेक रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे, परंतु त्याचे बी धरून पुन्हा लावल्यास तेच गुण उतरत नाहीत. दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. पदकाच्या कौतुकात हा खर्च विसरला जातो. जागा अपुरी असेल तर २००५ चे 'फेअरी टेल' हे बुटके, पट्टेरी वांगे कुंडीसाठी सोयीचे. फुलांत १९९५ ची 'पर्पल वेव्ह' पेटुनिया जमिनीलगत पसरते, टांगत्या कुंडीतूनही ओसंडते.

तथापि, हे गुण तिथल्या हवामानात मिळालेले आहेत. महाराष्ट्रात भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग. शिरा पिवळ्या पडतात, फळ खुरटते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' हे वाण याच रोगाला तोंड देण्यासाठी विकसित केले. मुंबई-पुण्यातील गच्चीवर भेंडी लावणाऱ्याने परदेशी पदकाआधी या नावाचा विचार करणे अधिक शहाणपणाचे. मटार मात्र इथेही थंडीतच लावावा, वाण कोणतेही असो.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून बी मागविण्याचा मोहही अनेकांना होतो. परंतु वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार भारतात बियाणे आणण्यास आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. सामानात टाकलेले पाकीट विमानतळावर जप्त होऊ शकते.